सासऱ्यांनी हरलेला वाद

आमच्या सासऱ्यांशी वाद घालून जिंकलेला माणूस चौल ते अलिबाग या पट्ट्यात जन्मला नव्हता, आणि जन्मला असता तर सासऱ्यांनी त्याला पाळण्यातच गाठले असते. मिशनच्या शाळेत मास्तरकी करून निवृत्त झालेले हे गृहस्थ देवाने सृष्टी सहा दिवसांत निर्माण केली हे कोणालाही, कुठेही पटवून द्यायला तयार असत. माझ्या लग्नाच्या सकाळी दाढी करता करता न्हावी सहज म्हणाला, "जग काय, पयल्यापासनं हायच की." झाले! अर्धी दाढी तशीच ठेवून सासरे त्याला पहिल्या माणसापासून, आदामापासून, समजावीत बसले, आणि लेकीला घेऊन मिशनच्या देवळात आले तेव्हा एक गाल गुळगुळीत, दुसऱ्यावर पांढरे खुंट. सासूबाई म्हणाल्या, "निदान चांगला गाल पाव्हण्यांकडे करा."

पण त्यांचा खरा आखाडा म्हणजे एलोजीभाईंचा तेलाचा घाणा. एलोजीभाई बेने इस्राएल, म्हणजे आपल्या कोकणातले यहुदी, शनिवारी बैलालासुद्धा सुट्टी देणारे, म्हणून गाव त्यांना शनवार तेली म्हणे. सृष्टीवर दोघांचे एकमत, त्यामुळे त्या विषयाला चव नव्हती. येशू आला तेव्हापासून देवाचे राज्य सुरू झाले आहे, असे सासरे म्हणत, तेव्हा एलोजीभाई बैलामागून फिरत विचारीत, "मंग मास्तर, ह्ये डास कोनाच्या राज्यातले?" आणि पापाचा विषय निघाला की बैलही थांबे. प्रत्येक मूल आदामाचे पाप घेऊनच जन्मते आणि बाप्तिस्म्याविना ते धुतले जात नाही, हे सासऱ्यांचे ठाम मत. "पोर निर्मळ येतं, मास्तर. मळतं ते आपल्यात ऱ्हाऊन," हे एलोजीभाईंचे. वर्षानुवर्षे दोघेही तसूभर हलले नाहीत. माझी बायको गरोदर असताना सासरे तिलाही हेच ऐकवीत. ती म्हणे, "बाबा, आधी त्याला येऊ तर द्या."

मुलगा झाला, आणि अलिबागेहून पाळकसाहेब बाप्तिस्म्याला यायच्या आतच तापाने गेला. बायको रडली नाही, जेवलीही नाही. बापाकडे बघत एवढेच विचारीत राहिली, "बाबा, बाप्तिस्म्याविना गेलं माझं बाळ. कुठं असेल ते?" सासऱ्यांपाशी उत्तर होते, पण ते त्यांच्या तोंडातून निघेना.

ते उठून तडक घाण्यावर गेले. मीही मागोमाग गेलो. "एलोजी, तुझं खरं," ते म्हणाले. "मूल निर्मळच येतं. माझ्या पोरीला तू येऊन सांग." इतकी वर्षे ज्याची वाट पाहिली ते हाती आले, तरी एलोजीभाई हसले नाहीत. भर कामाच्या दिवशी त्यांनी बैल सोडला. "येतो मी. पन सांगायचं तुमीच, मास्तर. बाप तुमी हाव."

घरी येऊन सासऱ्यांनी लेकीच्या डोक्यावर हात ठेवला. "बाये, तुझं बाळ देवाच्या राज्यात आहे. मी चुकीचं शिकवत होतो." एलोजीभाई दारात उभे राहून मान हलवीत होते. तेव्हा ती रडली, पोटभर रडली, आणि संध्याकाळी थोडी पेज प्यायली.

मी सासऱ्यांचे आभार मानायला गेलो, तर ते हळूच म्हणाले, "जावईबापू, मला अजून पटलेलं नाही. पण देवाला माझ्याइतकीही माया नसेल, हेही पटत नाही."

पुढे आम्हाला मुले झाली. प्रत्येकाला मांडीवर घेऊन सासरे नुसते बघत बसत, पापाचा एक शब्दही काढीत नसत. त्या गप्प बसण्याचे आम्हा दोघांवर फार उपकार आहेत.