बिनतिकिटाचे

"तिकीट?" असं म्हणून काका हात पुढे करायचे. समोर माणूस नसायचा, आमचा कम्प्युटर असायचा. तळहात वर, बोटं जराशी हलती, रेल्वेच्या डब्यात टीसी करतो अगदी तसं. आणि ते टीसीच होते. उभी नोकरी मनमाडला केली आणि निवृत्त झाल्यावर नाशिकरोडला दोन खोल्यांत राहायला आले. बायको वारली होती, मुलगी भुसावळला दिलेली. तुमच्याही ओळखीत असा एखादा निवृत्त माणूस असेल, ज्याच्या अंगातून नोकरी काही केल्या उतरत नाही.

कोर्टाजवळ माझं टायपिंगचं दुकान आहे. मी आणि सुनीताताई, दोन कम्प्युटर, एक प्रिंटर. सकाळी दहालाच पक्षकार दारात उभे असतात आणि प्रत्येकाला अकराच्या आत कागद हवा असतो. काका पहिल्यांदा आले ते एक प्रतिज्ञापत्र टाइप करून घ्यायला. मी बटण दाबलं आणि कम्प्युटर नेहमीसारखा रवंथ करत बसला. प्रिंटरच्या प्रोग्रॅमने विचारलं, नवीन आवृत्ती आली आहे, घेता का? त्याला नाही म्हणते तोवर गाण्यांच्या प्रोग्रॅमने डोकं वर काढलं. त्यावर आम्ही जन्मात एक गाणं ऐकलं नव्हतं. मी मुळात तापट, त्यात सकाळची वेळ. माऊस आपटलाच.

काका शांतपणे म्हणाले, "ताई, गाडी बरोबर हाय. डब्यात फुकटे लय झालेत."

मग त्यांनी स्टूल ओढलं. घरी त्यांचा स्वतःचा कम्प्युटर होता, त्यामुळे यातलं त्यांना कळायचं. कम्प्युटरबरोबर आपोआप काय काय सुरू होतं याची यादी त्यांनी उघडली आणि एकेक नाव मोठ्याने वाचून आम्हा दोघींना विचारू लागले. हा कोण? कशाला निघालाय? तुम्ही बोलावलं होतं का? आम्ही नाही म्हटलं की त्याला बंद करायचे. व्हायरस पकडणारा तेवढा त्यांनी राहू दिला. तो गार्ड आहे, त्याला पास असतो, असं त्यांचं म्हणणं. दुसऱ्या दिवशी माझी उदबत्ती लावून व्हायच्या आत कम्प्युटर तयार होता. मला तर वाटलं, बिघडलाच.

त्यांचा नियम एकच होता. आपोआप सुरू होणं बंद करायचं, प्रोग्रॅम काढून टाकायचा नाही. "उतरवायचं, पण हाकलायचं नाय," असं म्हणायचे. ज्या प्रोग्रॅमना खरोखर नवीन आवृत्ती हवी असेल, त्यांच्यासाठी महिन्याचा पहिला शनिवार ठेवलेला. त्या दिवशी ते स्वतः बसून एकेकाचं काम रीतसर करून द्यायचे.

एकदा मात्र चुकले. यादीत एक नाव असं अगम्य होतं, की आम्हा दोघींना ओळखता येईना. काकांनी त्याला उतरवलं. तो नेमका आमचा मराठी टायपिंगचा प्रोग्रॅम निघाला. सकाळी मी एका आजींचं नाव टाइप करायला घेतलं, तर पडद्यावर इंग्रजी अक्षरांचा नुसता काला. फोन केल्यावर काका रिक्षाने धावत आले. आधी चूक निस्तरली आणि मग दारातल्या सगळ्या पक्षकारांसमोर म्हणाले, पासवाल्याला उतरवलं, दंड मला. दुपारी चिवड्याचा मोठा पुडा घेऊन हजर. त्या आजींना पहिली मूठ दिली.

पण काम इतकं चोख झालं की त्यांना बोलवायला काही कारणच उरेना. नवीन आवृत्त्याही दर महिन्याला कुठून येणार? दोन महिने ते फिरकले नाहीत. एक दिवस सुनीताताई घाईघाईने सांगत आल्या, की काका बसस्टँडच्या बाकावर बसलेत. कुठे निघालात विचारलं तर म्हणाले, कुठंच नाय, गाड्या बघतोय. ते ऐकून मला फार वाईट वाटलं. या माणसाला कुठेतरी जायला हवं होतं, आणि आमच्याकडे यायचं कारण त्यांनीच आपल्या हाताने संपवलं होतं.

मग आम्ही एक लबाडी केली. प्रिंटरचा तो प्रोग्रॅम आम्हीच यादीत जाऊन परत चालू केला आणि फोन लावला, काका, पुन्हा त्रास देतोय बघा. ते अर्ध्या तासात आले. पंधरा दिवसांनी आम्ही गाण्यांचा चालू केला. तिसऱ्या वेळी मात्र त्यांनी यादी नीट पाहिली, चष्मा काढला.

"ताई, हा आपल्या पायानं चढलेला नाय. ह्याला कुणीतरी हात धरून चढवलाय."

सुनीताताई स्टेपलरमध्ये पिना भरू लागल्या. स्टेपलर आधीच भरलेला होता. मला वाटलं, आता हे रागावणार. त्यांनी चहा संपवला, कप खाली ठेवला आणि विचारलं, "मंगळवारी येत जाऊ का? असाच?"

पुढे दोन वर्षं ते दर मंगळवारी आले. कम्प्युटरला हात लावायचे नाहीत. पक्षकारांशी गप्पा मारायचे, कुणाला कोर्टाची खोली दाखवून यायचे.

मग गुडघे फार दुखू लागले आणि मुलगी त्यांना भुसावळला घेऊन गेली. जाताना ती त्यांचा कम्प्युटर आमच्याकडे ठेवून गेली. बाबांनी दुकानाला द्यायला सांगितलाय, म्हणाली. आम्ही तो लावला, बटण दाबलं आणि बघतच राहिलो. एकामागून एक चौकटी येऊ लागल्या. जवळजवळ पाव तास ते चाललं होतं. प्रिंटरचा प्रोग्रॅमही विचारून गेला. काकांच्या घरी प्रिंटर कधीच नव्हता. आमच्या कम्प्युटरवरून ज्याला ज्याला उतरवलं होतं, ते सगळे इथे आरामात बसलेले.

मी लगेच फोन लावला. काका बराच वेळ हसले.

"अहो, सकाळी चहा टाकायचो आन् बटन दाबायचो. एकेक जण उठायचा, कायतरी विचारायचा. मी म्हणायचो, आज नको. तेवढंच घरात कुणाशी बोलणं."

पलीकडून नातीचा आवाज आला, आजोबा, माझी वही कुठे ठेवली? पाठोपाठ मुलीने काहीतरी विचारलं.

"ठेवतो ताई," ते म्हणाले. "हितं लय जण विचारतायत."

सुनीताताईंनी तोवर यादी उघडायला माऊस धरला होता. मी त्यांचा हात बाजूला केला. पडद्यावर एक चौकट अजून उत्तराची वाट बघत होती. मी तिला 'आज नको' म्हटलं आणि यादी तशीच राहू दिली.