आंबे उष्ण पडले

रक्त किती सेकंदांत गोठतं, ते आमच्या लॅबमधलं यंत्र आपोआप मोजतं. निळ्या झाकणाची नळी रेघेपर्यंत भरली नाही तर उत्तर चुकतं, एवढंच मला सांभाळावं लागतं. दाढ काढण्याआधी तपासणीला आलेल्या एका बाईंना मी रक्त घेतल्यावर दोन मिनिटं कापूस दाबायला सांगितला. रक्त थांबेना, त्या अर्धा तास दाबून बसल्या.

दुपारी डॉक्टरांना रिपोर्ट दाखवून त्या परत माझ्याकडे आल्या.

"रक्त गोठवणारं काहीतरी जन्मापासून कमी आहे म्हणाले. माझ्या भावालाही तेच असणार. लहानपणी त्याचा घोळणा फुटला, तो थांबलाच नाही, त्यातच गेला तो. मग ते आंब्यांमुळे नव्हतं ना?"

"नाही हो."

"आईनं त्याला पोटभर आंबे दिले होते. सगळे म्हणाले, उष्ण पडले. तिनं पुन्हा कधी आंबा तोंडाला लावला नाही."

बहीण-भाऊ दोघांनाही असला, तर हा आजार बहुतेकदा आईच्या रक्तातूनच उतरलेला असतो. यंत्राला फक्त सेकंद कळतात, ते हे बोलत नाही. मीही बोलले नाही.

"म्हणजे आईचं काही चुकलं नव्हतं?"

"काहीच नाही," मी म्हटलं, आणि ते अगदी खरं होतं.