बाळंतिणीच्या घरून आल्यावर

स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या काही वर्षांत माझी पत्नी अर्जुनी मोरगावच्या दवाखान्यात नर्स होती. तिच्याआधी आलेल्या नर्सबाई तिथं टिकल्या नव्हत्या. काम जड होतंच, पण त्यांना घालवलं ते विहिरीनं. बाळंतपण करून आलेल्या बाईला विटाळ. अंघोळ होईपर्यंत तिनं विहिरीला शिवायचं नाही. कुणीतरी वरून पाणी ओतेल तोवर रिकामी बादली घेऊन थांबायचं.

माझ्या पत्नीनं त्या थांबण्यातूनच ओळखी केल्या. बायका आधी बातमी मागत.

"काय झालं वं बाई?"

"पोरगी."

"मंग अर्धीच बादली भेटन!" असं म्हणत त्या काठोकाठ ओतत. ती हसत घरी येई. मी शाळामास्तर, पुस्तकात डोकं घातलेला. घरात हसणं असे ते तिचंच.

एका धानकापणीत तळ्याकाठच्या घरची सून बाळंतपणात गेली. बाळ वाचलं. तिचं रक्त मात्र थांबेना, आणि गोंदियाला न्यायला बैलगाडी जुंपेपर्यंत सारं संपलं. दुपारी मी शाळेतून आलो तेव्हा पत्नी विहिरीपाशी उभी होती. बायका आपापलं पाणी भरून निघून गेल्या होत्या. बातमी साऱ्यांना आधीच कळली होती, त्यामुळे कुणी काही विचारलं नव्हतं; आणि विचारल्याशिवाय पाणी ओतायचं कुणाला सुचलं नसावं. मी पोहरा सोडला. तिच्या हातांवरचं रक्त वाळलं होतं.

"मला इथून घेऊन चला," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी मी वळकटी बांधत असताना त्या सुनेची सासू दारात आली. पदराखाली बाळ होतं.

"बाई, हे दूध नाही पिऊन राहिलं. अन् तू कायले चालली?"

"माझ्या हातून तुमची सून..."

"रडाचं असन तर रड. पण आंधी याले पाह्य."

पत्नीनं हात धुतले. कापसाची वात शेळीच्या दुधात बुडवून बाळाच्या ओठांना लावली. बऱ्याच वेळानं ते चोखू लागलं.

आम्ही राहिलो. बाई मोठी धीराची, असं गाव म्हणे. असेलही. पण त्यानंतर प्रत्येक बोलावण्याला, आमच्या घरचा उंबरा ओलांडण्याआधी, ती माझा दंड घट्ट धरून क्षणभर उभी राही. ते गावानं कधी पाहिलं नाही.

आता ती नाही. तेव्हाच निघालो असतो तर तिचं आयुष्य थोडं हलकं गेलं असतं का, हे तिला विचारायचं राहून गेलं.