शांतिदेवीला चिंच

हे असंच घडलं का, मला खात्री नाही. सत्तरी ओलांडल्यावर आठवलेलं किती आणि रचलेलं किती, कळत नाही. आमच्या नाणीप्रेमी मंडळाचे किस्से खिडकीवरच्या धुळीसारखे साचतात. पुसून थकलो, म्हणून सांगून टाकतो.

*

आम्ही आखातात होतो तेव्हाची गोष्ट. मंडळ म्हणजे तिघंच. बँकेतले साठे, शुवैखला स्पेअरपार्ट विकणारे रत्नागिरीचे हमीदभाई आणि मी, इतिहासाचा डॉक्टर. शुक्रवारी फिंतासला माझ्या घरी जमायचो. त्या दोघांनी मिळून एक रोमन ब्राँझचं नाणं घेतलं. त्यावर शांतीची देवता.

साठ्यांच्या मुलीने भिंगातून पाहिलं. "अंकल, पीसची गॉडेस ना? मग आग का लावतेय?"

तिथून पेटलं!

*

"हातात मशाल आहे. हत्यारांचा ढीग जाळतेय," हमीदभाई म्हणाले.

"छे! ऑलिव्हची डहाळी आहे," साठे म्हणाले. "शांती कधी जाळपोळ करते का?"

निकाल माझ्याकडे आला. मी म्हणालो, "दोन्ही प्रकारची नाणी सापडतात. हे बरंच झिजलंय, त्यामुळे..."

"डॉक्टर," साठे ओरडले, "लग्नात तरी 'हो' म्हणाला होतात का?"

*

दोघांनी बोलणं टाकलं. मी तटस्थ, म्हणून नाणं माझ्या कपाटात आलं.

एकदा अब्बासियाच्या वाण्याकडे दोघंही भेटले. मी मध्ये.

"डॉक्टर, त्यांना सांगा, ते आंबे कच्चे आहेत."

"डॉक्टर, त्यांना सांगा, मला ऐकू येतं!"

*

साठे दिवाळीनंतर कायमचे पुण्याला निघाले होते. वीस वर्षांची मैत्री अशी न बोलता संपणार? मला झोप लागेना. पण मध्यस्थी करायची, तर आधी डहाळी की मशाल हे ठरवायला हवं!

*

वसुबारसेला स्वयंपाकघरात गेलो. समई, तांब्या, घंटा चिंच-मीठ लावून लखलखत होत्या. शेजारी नाणं. तेही लखलखत होतं!

"सुधा!" मी बायकोला हाक मारली. "हे काय केलंस?"

"अहो, देवीच ना ती? दिवाळीत काळी कशी ठेवायची?"

शतकांचा हिरवा थर गेला होता. देवीचा हात गुळगुळीत. ना डहाळी, ना मशाल.

घाबरत दोघांना फोन केले. दोघं एकाच लिफ्टने वर आले. भिंग एकमेकांना दिलं, घेतलं. मग एका सुरात म्हणाले, "डॉक्टर, तुमच्याकडे ठेवलं हीच चूक!"

आणि हसत सुटले. साठ्यांना विमानतळावर हमीदभाईंनीच सोडलं.

*

पुढे किती तरी वर्षांनी पुण्यात साठेवहिनींना भेटलो, तेव्हा एक गोष्ट पक्की झाली. त्या दिवाळीत आमच्या घरी चिंच नव्हतीच. चिंच साठेवहिनींनी पाठवली होती. आणि तारेची घासणी हमीदभाईंच्या घरून, भाभींनी.