पाच मुलगे, चार खुर्च्या

"आल्झो, पाच मुलगे होते."

कुठल्याही गोष्टीची सुरुवात ते अशीच करायचे. आल्झो म्हणजे 'तर'. आधी उजव्या हाताची मूठ वळून दाखवायची, मग एकेक बोट उघडायचं. मी विचारलेलं असायचं एवढंच, की आमचा हीटर का तापत नाही. त्याचं उत्तर काळ्या समुद्राच्या उत्तरेकडच्या गवताळ मैदानातून, घोड्यावर बसून, यथावकाश आमच्या हीटरपर्यंत पोचायचं. तोवर घरात सगळ्यांचे दात वाजत असायचे.

जर्मनीत, उंटरश्लाइसहाइममधल्या आमच्या इमारतीचे ते हाउसमाइस्टर. म्हणजे नळ, दिवे, जिने, कचऱ्याचे डबे असं सगळं बघणारा माणूस. तळमजल्यावर त्यांना एक खोली होती. त्याआधी ते बल्गेरियात, डॅन्यूबकाठच्या एका लहानशा गावात इतिहासाचे शिक्षक होते. गावातली मुलं संपली तेव्हा शाळा बंद झाली. बायको त्याआधीच गेली होती. साठीला टेकलेला हा माणूस हातात पाना घेऊन जर्मनीत आला, पण इतिहास काही सुटला नाही. अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. नोकरी जाते, वर्ग घ्यायची सवय जात नाही.

तर पाच मुलगे. बल्गार नावाच्या घोडेस्वार टोळ्यांचा एक म्हातारा राजा होता. मरायला टेकल्यावर त्याने पाचही मुलांना बोलावलं, काठ्यांची मोळी पुढे केली आणि मोडायला सांगितली. एकालाही मोडेना. मग त्याने मोळी सोडली आणि एकेक काठी सहज मोडून दाखवली.

"अहो, ही तर आमच्याकडेही आहे!" मी पहिल्यांदा ऐकली तेव्हा उत्साहाने म्हणालो होतो. "शाळेत होती आम्हाला."

"गेनाऊ, अगदी बरोबर. तुमच्या गोष्टीत पुढे काय होतं?"

"पुढे काय? मुलं शहाणी होतात, एकत्र राहतात."

"आमच्यात बाप मरतो आणि मुलं निघून जातात."

एक व्होल्गाच्या काठाने वर गेला. एक हंगेरीच्या मैदानात, एक पार इटलीत. एक डॅन्यूबच्या मुखाशी उतरला. तिथे स्लाव शेतकरी होते आणि त्यांच्याही आधीपासूनचे थ्रेसियन. त्या सगळ्यांचं मिळून जे झालं ते बल्गेरियन. "नाव घोडेस्वारांचं, भाषा शेतकऱ्यांची आणि हाडं त्यांच्याही आधीच्यांची," असं ते सांगायचे.

"आणि पाचवा?"

"तो थोरला. बापाचं ऐकून घरी थांबला. शेजारच्यांनी येऊन त्याच्यावर राज्य केलं."

शाळेत ते दरवर्षी मुलांना विचारत, बाप बरोबर की मुलगे? दरवर्षी सगळी मुलं शहाण्यासारखं 'बाप' लिहीत. एका वर्षी एकाच मुलीने लिहिलं, 'मुलगे. ते गेले नसते तर आपण झालोच नसतो.' त्यांच्याकडे सहापैकी गुण देतात. तिला त्यांनी सहा दिले. मुलगी त्यांचीच होती. पुढे ती इंग्लंडला गेली, थोरला मुलगा स्पेनला, धाकटा डेन्मार्कला.

"मीच शिकवलं," म्हणायचे आणि पाना उचलून निघायचे. हाच प्रश्न त्यांनी मलाही विचारला होता. मी 'मुलगे' म्हणालो. नाशिक सोडून इतक्या लांब आलेला माणूस दुसरं काय म्हणणार? "सहा!" ते म्हणाले, पण हसले नाहीत.

त्यांच्या खोलीत पलंग आणि टेबल सोडून जेमतेम उभं राहण्याएवढी जागा होती. तरी चार खुर्च्या! लोकांनी रस्त्याकडेला काढून ठेवलेल्या जुन्या सामानातून त्यांनी चार एकसारख्या जमवल्या होत्या, दोन वर्षं लागली म्हणे. "एक मी, बाकी तिघं." त्यांना आता एवढंच हवं होतं. तिन्ही मुलं एका दिवशी, एका टेबलाशी. गावी जमलं तर गावी, नाहीतर इथे. आईच्या अंत्यविधीनंतर ती तिघं कधी एकत्र आलीच नव्हती.

मी कॉम्प्युटरवाला. त्यामुळे दर वसंतात एका शनिवारी ते हातात कागद घेऊन वर येत.

"अरे, आजोबा आलेत," बायको स्वयंपाकघरातून ओरडायची.

"तीन विमानं, एक दिवस, हेर नाखबार." हेर म्हणजे श्रीयुत, नाखबार म्हणजे शेजारी. मी शोधून द्यायचो, ते आमच्याच टेबलावरून मुलांना फोन लावायचे. दोघांचं जमायचं, तिसऱ्याचं नाही. दर वर्षी तिसरा वेगळा. मग ते कागदाची घडी करून खिशात घालत आणि चहा घेत. माझी मुलगी रेवा मराठीतल्या प्रश्नाला जर्मनमध्ये उत्तर द्यायची आणि माझा चेहरा पडायचा. तेव्हा तेच माझी समजूत काढायचे. "नाव तुमचं, भाषा इथली. आमचंही असंच झालं."

माझी आई नाशिकला असते, बहीण मस्कतला. "दोघं एकदम कधी येणार?" आई दर रविवारी विचारते. मी "बघू" म्हणतो. आजोबांसाठी मी इतक्या वेळा विमानं शोधली, आमच्यासाठी एकदाही नाही.

गेल्या वसंतातला शनिवार मला विसरता येत नाही. ते धापा टाकत वर आले. तिघंही हो म्हणाले होते. पहिल्यांदाच! थोरल्याने सांगितलं होतं, "आजच तिकीट काढा, म्हणजे रजा पक्की करतो." माझे तीन शनिवार-रविवार ऑफिसने खाल्ले होते. समोर लॅपटॉपवर मीटिंग चालू, डोकं बधिर.

"पुढच्या शनिवारी करू या का?" मी म्हणालो. "आज खरंच दमलोय हो."

"राहू दे, राहू दे. दमायला होतंच," ते म्हणाले आणि कागद परत खिशात घालून खाली गेले.

पुढच्या शनिवारपर्यंत थोरल्याच्या त्या दिवसांची रजा दुसऱ्या कुणालातरी मिळाली होती. मला ते एका शब्दाने बोलले नाहीत. बोलले असते तर बरं झालं असतं. दहा मिनिटांचं काम होतं. मी दमलो होतो हे खरं, पण माझ्याकडे दहा मिनिटं नव्हती हे खोटं.

नोव्हेंबरात एका सकाळी जिन्यातला दिवा बदलता बदलता ते पायरीवर बसले, ते पुन्हा उठले नाहीत.

त्यांच्या खोलीची जादा किल्ली माझ्याकडे असायची. तिसऱ्या दिवशी ती द्यायला मी खाली गेलो. स्पेनहून, इंग्लंडहून, डेन्मार्कहून तिघं आली होती. तीन विमानं, एक दिवस. कुणी मला शोधायला सांगितलं नव्हतं.

तिघं टेबलाशी बसली होती. भिवया तिघांच्याही आजोबांच्याच. मी अडखळत, इंग्रजीत त्या शनिवारचं सगळं सांगून टाकलं. थोरला खाली बघत राहिला. मुलीने ऐकून घेतलं आणि विचारलं, "बाबांनी तुम्हालाही विचारलं होतं का? बाप की मुलगे?"

"हो."

"मग काय सांगितलंत?"

"मुलगे."

तिने मान हलवली, डोळे पुसले आणि उरलेली चौथी खुर्ची माझ्याकडे सरकवली.

"बसा ना."

माझ्याने बसवलं नाही. किल्ली हातात धरून मी उभाच राहिलो.