ढिला ठेवायचा नट

देवराव पहिल्यांदा जयवंताच्या घरी आले ते तिला पाहायला. पण त्यांनी पाहिली खुर्ची. ती डुगडुगत होती. खिशातून पाना काढून त्यांनी, होणारे सासरे वर बसलेले असतानाच, ती आवळली. मग पलंग, मग शिलाई मशीन, मग छताचा पंखा. तो तर असा आवळला, की पुढचे दोन उन्हाळे त्या घरानं शेजाऱ्यांचा वारा खाल्ला.

"पोरगा हाताचा चांगला हाये," सासरे म्हणाले. "फक्त घर खिळखिळं पाह्यजे."

देवराव बुटीबोरीच्या कारखान्यात फिटर होते. लेक रितिकासाठी त्यांनी लोखंडी पट्ट्या नट-बोल्टांनी जोडायचा खेळ, मेकॅनो, आणला आणि तिचं लग्न होईस्तोवर तिला हात लावू दिला नाही. संच एकच, त्यामुळे क्रेन उभी करायची तर पूल मोडावा लागे. जयवंतानं आयुष्यात एकच मागितलं, आकाशपाळणा. जत्रेतल्या पाळण्याची तिला भीती वाटायची.

"एवढासा तरी फिरवून दाखवा जी."

"दाखवतो वं, रिटायर झालो का."

रिटायर होईस्तोवर शुगरनं त्यांची बोटं बधिर केली. चिमटीत नट आहे की पडला, हे त्यांना बघूनच कळायचं. फरशीवर टण्‌ वाजलं की जयवंता सांगे, "पडला." ते म्हणत, "बरं." हाच माणूस पूर्वी एका नटासाठी घर डोक्यावर घ्यायचा.

तरी पाळणा उभा राहिला. नट ती धरायची, पाना ते फिरवायचे. शेवटी चाकाचा मधला नट आला.

"हा ढिला ठेवा जी. फिरणाऱ्याले जागा लागते, तुमीच सांगत होते."

"ढिलाच हाये."

"मंग काहून पिळून राहिले?"

"माह्या बोटाले काही लागूनच नाही राहिलं."

त्यांनी आणखी एक पीळ दिला. कर्रकन आवाज झाला. जयवंताला तो ऐकू आला. तिनं बोटानं चाक ढकललं, तर अख्खा पाळणाच टेबलावरून सरकला. नटाचे आटे चेंगरून तो जाम झाला होता. तो आता सुटतही नव्हता.

"फिरला?" देवरावांनी विचारलं. बघत तर तेही होते.

"नाही."

"बरं."

त्यांच्या पायांनाही आता काही लागत नाही, म्हणून डॉक्टरांनी बारा महिने मोजे घालायला सांगितले आहेत. ते पाळण्यावर वाळतात.