मामांचं करडईचं तेल

कारखान्यातला माणूस म्हणलं की तुम्ही काळे हात आन् तोंडात शिवी धरूनच चालणार. मग आधीच सांगतो, निराशा होईल. आमच्या प्रेसशॉपचे, म्हणजे पत्रा दाबून आकार देणाऱ्या खात्याचे मिस्त्री, मामा पांढराफेक सदरा घालून यायचे आन् तसाच पांढरा घरी न्यायचे. अख्ख्या संभाजीनगरात पत्र्यावर एवढी माया करणारा दुसरा माणूस नाय. आम्ही कूलरच्या टाक्या करायचो, जस्ताचा मुलामा दिलेल्या पत्र्याच्या. मामा पत्र्याला 'बाई' म्हणायचे. "जस्त म्हणजे तिची कातडी रं. खरचटली की गंज आलाच." घामट हात पत्र्याला लागू द्यायचे नायत. सकाळी आमचे हात हुंगायचे. भजी खाल्लेला सापडला की त्याला राखेनं घासायला लावायचे, कारण पाणी कुठं होतं?

दुष्काळ लई वाईट होता. शहर चारी बाजूंनी वाढलं, नळ मात्र हाय तिथंच. शेठ म्हणाले, "दाबायच्या आधी पत्र्याला लावता ते काळं तेल नंतर धुवायला रोज टँकर लागतो. आता जमणार नाय. धुलाई बंद, म्हणजे लाइन बंद." तिसऱ्या दिवशी मामा पिशोर गावच्या तेलघाण्यावरून करडईच्या तेलाचा डबा घेऊन हजर! "पातळ हात फिरवा, दाबा, फडक्यानं पुसा. धुवायचं कामच नाय. मातीत सांडलं तरी पाप नाय." शॉपमधी असा घमघमाट, की दहालाच आम्ही ठेचा-भाकरीच्या गप्पा मारायला लागलो.

शेठसमोर चाचणी. मामांनी प्रेसमधी ठेवलेल्या पत्र्याच्या अर्ध्या भागाला तेल लावलं आन् फडकं बुडवायला डब्याकडं वळले. माझी मामांची नक्कल फेमस. राहवलं नाय. मागून त्यांच्याच आवाजात ओरडलो, "दाब रं!" ऑपरेटरनं पेडल मारलं. धाड!

टाकी बाहेर आली. तेलाची बाजू आरशावानी, कोरड्या बाजूचं जस्त पार ओरबाडलेलं. शेठनं दोन्हीकडं बोट फिरवलं. "एवढा फरक?"

"व्हय," मामा म्हणाले.

"मग उद्यापासून हेच!"

लाइन वाचली. लोकांनी टाळ्या वाजवल्या, मी तर नाचलोच. माझ्यामुळंच फरक दिसला ना!

मामांनी मला पत्र्यांच्या थप्पीमागं नेलं. उजवा हात पुढं केला.

"तू बोललास त्याच्या जरा आधी हा हात प्रेसच्या आत होता. त्याचं जाऊ दे. पण हितं पोरं माझ्या आवाजावर प्रेस चालवतात, माझ्याच आवाजावर थांबवतात. उद्या मी खरंच 'थांब' म्हणलो आन् त्यांना वाटलं तू चेष्टा करतोस, तर कुणाची बोटं जातील, सांग?"

मला लई जणांनी झापलंय. सगळ्यांची नक्कल येते. ह्या झापण्याची करायला गेलो, की आवाजच फुटत नाय.